बॅटरी बदलायच्या आधी अर्थिंग बघा

बरेच जण म्हणतात की सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी घर्र घर्र करून दमली की समजायचं बॅटरी गेली. बऱ्याचदा असतंही तसं, पण माझ्या अठरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत मी याच हिशोबाने नवी बॅटरी टाकली आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं. गॅरेजवाला म्हणाला सेल्फ मोटर उतरवू. म्हटलं थांब, आधी घरचं मल्टीमीटर लावून बघतो. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परत येण्याची वाट, तपासायला मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुंटावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बायकोला सांगितलं मार सेल्फ. इथे फार तर ०.२ व्होल्ट यायला हवं, माझं आलं १.३! म्हणजे अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी अडथळा.

बॉडीवरून गिअरबॉक्सला जाणारी जाड अर्थ वायर वरून एकदम धडधाकट दिसत होती, बोल्ट खोलला तर खाली हिरवट भुकटी आणि गंज. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढून ठेवलं, पॉलिश पेपरने दोन्हीकडचा धातू चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासलं. परत मोजलं तर ०.१५ आणि सेल्फ एका झटक्यात. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच. आणि हो, मोजताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मीटरच्या वायरी फॅनबेल्टपासून लांब.