डावा पाय ५ नंबर, उजवा ७, आणि वाट काळ्या रानातली. बूट कुठले घ्यावेत?

शाळेच्या बाई, गंगाखेड:
नमस्कार. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय दीड इंच आखूड. पाऊलही लहान राहिलं. पाऊल आणि पोटरी धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा घालते, तरी डाव्याला ५ आणि उजव्याला ७ नंबर. दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात, उरलेले दोन बूट कपाटात पडतात. मोचीदादांनी डाव्या बुटाखाली टायर लावून उंची दिली. मजबूत आहे, पण वजन फार! पावसाळ्यात थांब्यापासून शाळेपर्यंत दहा पावलं टाकली की तळाला चिखलाचं ढेकूळ चिकटतं. छत्रीच्या टोकानं माती काढत वाटेतच उभी राहते. आणि संध्याकाळी घोट्याच्या हाडावर लाल वळ असतो. तुम्ही काय वापरता? कुणाला उलटे नंबर लागत असतील तर तेही सांगा, नवे बूट वाया चाललेत.

किल्लारीचा मामा:
बाई, १९९३च्या भूकंपात माझा घोटा भिंतीखाली सापडला, तेव्हापासून वाकत नाही. 'लई मऊ आहे बगा' म्हणतील त्या बुटाला भुलू नका. टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबायचा. दबला की बूट दुकानातच परत ठेवून द्यायचा. माझ्या बुटाचा तळ पुढून होडीसारखा उचललेला आहे, पाऊल आपसूक पुढं पडतं.

पट्टे-कॅलिपरवाला, लातूर:
ताई, आधी वळाचं बघा. पट्टा काढून अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तिथं पट्टा तापवून फुगवून घ्यावा लागेल. बूट बदलून ते जाणार नाही. टायर काढून ईव्हीएची, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकची शीट लावा, अगदी हलकी असते, खाली फक्त पातळ रबर. नक्षी खोल नको, मातीला धरायला जागा मिळते. नुसती टाच वाढवू नका, नडगी पुढं झुकते आणि गुडघा वाकायला लागतो. चवड्याखालीही थर हवा. पूर्ण दीड इंचही देऊ नका. थोडं कमी ठेवलं तर पाय पुढं घेताना अडखळत नाही. खरेदीला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. पट्टा घालून, बुटातला सुटा तळवा काढून बघा.

उदगीरची ताई:
बाई, माझा उजवा पाय पोलिओचा. उजव्याला ५, डाव्याला ७!

शाळेच्या बाई, गंगाखेड:
ताई, आत्ताच कपाट उघडलं. तीन जोड निघाले, एकाला तर माती लागलेली नाही. उजवं पाऊल, पट्टा असेल तर पट्ट्यासकट, कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.