‘पोर्ट’ एक, अर्थ चार: आळस कोणाचा?

रत्नांग्री_हापूस: इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ आहे. बंदर पोर्ट, जहाजाची डावी बाजू पोर्ट, दारू पोर्ट, संगणकाचं भोकही पोर्टच. मराठीत असला भोंगळ कारभार नाही.

दर्याकाठ: दुष्काळ कसला, उलट गर्दी झालीय. बंदर लॅटिन ‘पोर्टुस’मधून आलं. दारू पोर्तुगालच्या पोर्तो शहरातून बाहेर जायची, म्हणून तिला ते नाव. भोक ‘पोर्टा’तलं, म्हणजे दार. उरली डावी बाजू. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे, उजव्या कुशीला मोठं वल्हं असे. त्या अंगाने धक्क्याला लावलं तर वल्हं चेमटणार, म्हणून डावं अंग बंदराकडे. त्याला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत, उजव्याला ‘स्टारबोर्ड’. वाऱ्यात ओरडून सांगितलं की दोन्ही सारखंच ऐकू येई. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून ‘पोर्ट’ पक्कं केलं. यात आळस कुठे दिसला?

रत्नांग्री_हापूस: पांडित्य पुरे. ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

दर्याकाठ: ‘नांगर टाकला’ आणि ‘नांगर धरला’ ओळखता तसंच.

फाळ_आणि_जू: नांगराचं उदाहरण चुकलं. एक जमिनीत रुततो, दुसरा जमीन फाडतो. टोक दोघांनाही, म्हणून आकारावरून एकच शब्द. इंग्रजीत ‘क्रेन’ पक्षीही आणि ओझं उचलायची यारीही, तसं.

दर्याकाठ: ‘क्रेन’ बरोबर, लांब मानेवरून. नांगर साफ चूक. शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’, होडीतला फारसी ‘लंगर’. दोन्हीकडे ‘ल’चा ‘न’ झाला आणि दोघे एकाच धक्क्याला लागले. हिंदीत बघा, हल वेगळा नि लंगर वेगळा.

फाळ_आणि_जू: असेल बुवा. फाळाला विचारून सांगतो.

मालवणी_तिरफळ: खयसूनय येवंदे. ‘नांगर उचल’ म्हटल्यार होडयेतलो कोण बैल सोधूक जायत नाय.

रत्नांग्री_हापूस: म्हणजे घोळ फारसीने केला! मूळ मराठी स्वच्छच.

दर्याकाठ: मग ‘नाव’ घ्या. होडी ‘नौ’मधून, माणसाचं ‘नाम’मधून. फारसीचा वाराही लागलेला नाही. तिथे निदान ती नाव, ते नाव असं लिंग निस्तरतं. नांगर दोन्ही पुल्लिंगी, सगळा भार क्रियापदावर. इंग्रजीत नामांना लिंगाची ही सोय नाही, म्हणून तिथे आजूबाजूच्या शब्दांकडेच बघावं लागतं.

रत्नांग्री_हापूस: ठीक, महाराज. ‘दुष्काळ’ मागे घेतो. ‘भोंगळ’ ठेवतो.

दर्याकाठ: ठेवा. फक्त विदर्भात जाऊन बोलू नका, तिथे ‘भोंगळा’ म्हणजे नागडा.