पेरूच्या सत्य आयोगाचा आकडा: नावे २३,९६९, मग मृत ६९,२८० कसे?

पायवाट

नमस्कार. राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी मी संक्रमणकालीन न्याय हा विषय घेतला आहे. हुकूमशाही किंवा अंतर्गत युद्ध सरल्यावर त्या काळातील अत्याचारांचा हिशेब एखादा देश खटले, सत्य आयोग, नुकसानभरपाई अशा मार्गांनी कसा मांडतो, याचा हा अभ्यास. उदाहरण म्हणून मी पेरू निवडला आहे. १७ मे १९८० रोजी, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, आयाकूचो भागातील चुस्ची या गावात सेंदेरो लुमिनोसो या माओवादी संघटनेने मतपेट्या जाळल्या आणि पुढची वीस वर्षे ही संघटना, लष्कर, पोलीस आणि गावोगावची स्वसंरक्षण पथके यांच्या कचाट्यात डोंगराळ भागातील शेतकरी भरडले गेले. २००१ मध्ये सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सालोमोन लेर्नेर फेब्रेस त्याचे अध्यक्ष होते. अहवाल २८ ऑगस्ट २००३ रोजी सादर झाला.

माझी अडचण आकड्यांची आहे. आयोगाने सुमारे १७,००० निवेदने घेतली आणि मृत किंवा बेपत्ता म्हणून २३,९६९ माणसे निश्चित केली. परंतु त्याच अहवालात एकूण बळींची संख्या ६९,२८० दिली आहे आणि ९५ टक्के खात्रीने ती ६१,००७ ते ७७,५५२ यांच्या दरम्यान असल्याचे म्हटले आहे. माझ्या मार्गदर्शकांनी विचारले, "उरलेली पंचेचाळीस हजार माणसे कोठून आली?" मला उत्तर देता आले नाही. हा आकडा प्रबंधात कितपत विश्वासाने वापरावा? माझे गणित बारावीपुरतेच आहे, हेही सांगून ठेवते.

कोष्टक

मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरातील गणित सातवीचे आहे, अवघड आहे ते त्यामागचे गृहीतक.

समजा, एखाद्या तालुक्यात साथीत दगावलेल्यांच्या दोन याद्या आहेत. एक पंचायतीने केलेली, ६०० नावांची, आणि दुसरी शिक्षकांनी स्वतंत्रपणे केलेली, ४०० नावांची. ताडून पाहिल्यावर १२० नावे दोन्हींत सापडली. म्हणजे शिक्षकांना सापडलेल्या शंभरांपैकी तीसच जण पंचायतीला ठाऊक होते. शिक्षकांची यादी पंचायतीच्या यादीपासून खरोखरच स्वतंत्र असेल, तर एकंदर मृतांपैकीही सुमारे तीस टक्केच पंचायतीच्या हाती लागले असावेत. ६०० हे तीस टक्के, तर एकूण २,०००. दोन्ही याद्या मिळून नावे भरतात ८८०. उरलेल्या १,१२० जणांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत, पण ते होते, हे दोन याद्या एकमेकींवर किती कमी पडतात यावरून कळते. दोन याद्या जवळपास सारख्याच निघाल्या असत्या, तर बाहेर फारसे कोणी राहिले नाही असे आपण म्हटले असते.

ही पद्धत मुळात तळ्यातील मासे आणि रानातील प्राणी मोजण्यासाठी वापरली जात असे. माणसांच्या जन्ममृत्यूंना ती लावणारा पायाभूत लेख १९४९ सालचा, सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांचा, आणि त्यातील सामग्री कलकत्त्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरातील होती. हेच चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. तेव्हा पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, वापरलेली ही रीत आपल्याकडे परकी मानण्याचे कारण नाही. आपली नमुना नोंदणी पद्धत आजही याच धर्तीवर चालते. गावातील अर्धवेळ गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघर फिरतो, आणि मग दोन्ही नोंदी ताडून पाहतात. मी नोकरीत असताना हे काम जवळून पाहिले आहे. जुळत नसलेल्या नोंदींसाठी पुन्हा त्या घराच्या दारात जाता येते, ही आपली सोय. पेरूमध्ये अनेक ठिकाणी ते घरच उरले नव्हते.

पेरूच्या आयोगासाठी हा हिशेब करणारे आकडेवारीतज्ज्ञ पॅट्रिक बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन याद्या घेतल्या: आयोगाला मिळालेली निवेदने, लोकपाल कार्यालयाच्या नोंदी आणि मानवाधिकार संघटनांच्या नोंदी. दोनच याद्या असतील तर त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानण्यावाचून गत्यंतर नसते. तीन असल्या की कोणत्या दोन याद्यांचे आपसांत साटेलोटे आहे, हे काही प्रमाणात तपासता येते. लोकपालाकडे गेलेले कुटुंब आयोगाकडेही जाण्याची शक्यता अधिक असेल, तर सामाईक नावे फुगतात आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. उलट एका यादीत गेलेले लोक दुसरी टाळत असतील, तर अंदाज जास्त येतो. शिवाय सगळ्या देशाचा एकच हिशेब न करता त्यांनी प्रदेशवार गट पाडले, कारण लिमातील मृत्यू नोंदला जाण्याची शक्यता आणि आयाकूचोतील एखाद्या वाडीतील मृत्यू नोंदला जाण्याची शक्यता एका मापाने मोजणे चूक ठरले असते.

दप्तरदार

कोष्टक यांनी याद्यांपासून पुढचे सांगितले. मी यादी तयार होईपर्यंतच्या कामाबद्दल लिहितो, कारण काही वर्षे मी विस्थापितांची निवेदने संगणकात भरण्याचे काम केले आहे आणि खरा घोळ तेथेच होतो, असा माझा अनुभव आहे.

निवेदन देणारी बाई एका बैठकीत नवऱ्याला नेले तो दिवस सांगते, दिराला मारले ते सांगते, शेजारच्या तीन घरांचे सांगते आणि स्वतःवर गुदरलेले बहुतेक वेळा शेवटी सांगते किंवा सांगतच नाही. यातून 'एक निवेदन, एक बळी' असे कोष्टक केले की सगळे वाया जाते. म्हणून या क्षेत्रातील नोंदीचा ढाचा 'कोणी, कोणाला, काय केले' या तीन प्रश्नांवर बांधलेला असतो: एका निवेदनात अनेक बळी, एका बळीवर अनेक कृत्ये, एका कृत्यात अनेक आरोपी. शिवाय 'बेपत्ता' कोणाला म्हणायचे, 'अटक' कोणती आणि 'अपहरण' कोणते, याची व्याख्या आधी लिहून ठेवावी लागते आणि तेच निवेदन दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे भरायला देऊन त्यांचे किती जुळते, हे पाहावे लागते. आमच्याकडे पहिल्या महिन्यात हे जुळणे इतके खराब होते की सगळे काम पुन्हा करावे लागले.

त्यानंतर नावांची जुळणी. केचुआ या डोंगराळ भागातील मूळनिवासी भाषेतील नावे स्पॅनिश कानांनी ऐकून लिहिली गेली. वामान हे आडनाव कोठे 'ह'ने सुरू होते, कोठे 'ग'ने, आणि क्विस्पे आडनावाची माणसे तर आपल्याकडच्या जाधव-पाटलांसारखी गावोगाव. एकच माणूस दोन समजला गेला तर सामाईक नावे घटतात आणि अंदाज विनाकारण वाढतो. दोन माणसे एक समजली गेली तर उलटे. त्यामुळे नावाबरोबर गाव, वय, घटनेची तारीख, आईवडिलांची नावे हे सगळे पाहावे लागते.

पायवाट, राज्यशास्त्राच्या दृष्टीने मला ६९,२८० पेक्षा दुसरीच आकडेवारी महत्त्वाची वाटते. नोंदलेल्या बळींपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी मूळनिवासी भाषा होती. १९९३ च्या जनगणनेत अशा लोकांचे देशातील प्रमाण १६ टक्के होते. ४० टक्क्यांहून अधिक मृत एकट्या आयाकूचोचे. आयोगाने एक हिशेब मांडला होता: आयाकूचोत लोकसंख्येच्या ज्या प्रमाणात माणसे मारली गेली, त्याच प्रमाणात ती देशभर मारली गेली असती, तर १२ लाख पेरूवासी मेले असते, त्यांपैकी ३ लाख ४० हजार लिमा शहरात. आयोगाआधी देशात ३५,००० च्या आसपासचा आकडा बोलला जात होता. जवळजवळ निम्मे मृत राजधानीच्या गणतीतच नव्हते, आणि ते का नव्हते याचे उत्तर या टक्केवारीत आहे. अनेकांपाशी ओळखपत्र नव्हते, त्यामुळे कागदोपत्री ते जिवंत असल्याचीही नोंद नव्हती, मेल्याची कोठून असणार?

पायवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मार्गदर्शकांना आता निदान तोंड दाखवता येईल. पण एक शंका उरते. अहवालाच्या निष्कर्षांत सेंदेरोला ५४ टक्के मृत्यूंसाठी जबाबदार धरले आहे, आणि काही लेखांत ४६ टक्के असे वाचले. यांपैकी खरे कोणते?

उलटतपासणी

दोन्ही खरे आहेत, कारण ती टक्केवारी वेगवेगळ्या गोष्टींची आहे. ५४ टक्के हे आयोगाकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी. ४६ टक्के हे नोंद न झालेले धरून काढलेल्या अंदाजापैकी. त्या अंदाजात सरकारी यंत्रणेचा वाटा ३० टक्के असून उरलेले मृत्यू इतरांच्या नावावर आहेत. प्रबंधात यांची सरमिसळ झाली, तर परीक्षक तेवढेच धरून बसतील.

मात्र वरील प्रतिसादांत वादाची बाजू राहून गेली आहे. आयोग सोडून उरलेल्या दोन्ही याद्यांत मुख्यतः सरकारी अत्याचारांच्या तक्रारी होत्या. लष्कराने उचलून नेलेल्या मुलाची आई लोकपालाकडे जाते, पण सेंदेरोने मारलेल्या सरपंचाच्या घरच्यांना तेथे जाण्याचे कारण दिसत नाही, किंवा धैर्य होत नाही. त्यामुळे सेंदेरोच्या बळींची सामाईक नावे फारच थोडी भरली. म्हणून त्यांचा आकडा थेट न काढता, दुसऱ्या गटाशी एकत्र करून आलेल्या अंदाजातून तो गट वजा करून काढला गेला. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सिल्व्हिओ रेन्दोन यांनी नेमके यावर बोट ठेवले आणि वेगळ्या रीतीने हिशेब करून एकूण बळी सुमारे ४८,००० असल्याचे मांडले. डॅनिएल मान्रिके-वायिये आणि पॅट्रिक बॉल यांनी त्याला उत्तर दिले. पुढे त्यांनी नुकसानभरपाई परिषदेने आयोगानंतर जमवलेली मोठी यादी धरून, सात याद्यांवर अधिक प्रगत पद्धतीने पुन्हा हिशेब केला आणि आयोगाचे निष्कर्ष बव्हंशी बरोबर होते असे म्हटले. मला स्वतःला हे दुसरे काम अधिक भक्कम वाटते, कारण त्यात नवी सामग्री आली. रेन्दोन यांनी जुनीच सामग्री वेगळ्या गृहीतकावर चालवली होती. तरीही वजाबाकीने काढलेल्या आकड्याबद्दलचा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता.

तुम्हाला हे गणित करायचे नाही, वाचायचे आहे. तेव्हा प्रत्येक आकड्यापाशी थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: यादी कोणी केली, त्या यादीत जाणे कोणाला परवडत नव्हते, आणि अंदाजाच्या दोन टोकांत अंतर किती आहे. पूर्व तिमोरच्या आयोगाचा अंदाजही सोबत वाचा. तेथे १९७४ ते १९९९ या काळात १,०२,८०० मृत्यू धरले आहेत, परंतु त्यांपैकी सुमारे १८,६०० च हत्या किंवा बेपत्ता, बाकीचे ८४,२०० भूक आणि आजार यांचे. त्यासाठी त्यांनी निवेदनांबरोबर घरोघरचे सर्वेक्षण केले आणि दफनभूमींतील थडगीसुद्धा मोजली. भुकेने मेलेल्यांबद्दल कोणी तक्रार नोंदवत नाही, त्यामुळे पेरूची रीत तेथे एकटी पुरली नसती.

पायवाट

मग मी प्रश्न असा बदलते: आयाकूचो आणि लिमा यांत, झालेल्या मृत्यूंपैकी आयोगापर्यंत किती पोहोचले, आणि त्या फरकाचे स्पष्टीकरण भाषा, अंतर व ओळखपत्रे यांनी कितपत देता येते?

कोष्टक

हा प्रश्न एका प्रबंधात मावेल. प्रदेशवार अंदाज अहवालाच्या आकडेवारीच्या परिशिष्टात आहेत. परिशिष्ट स्पॅनिशमध्ये आहे, पण तक्ते वाचायला आठवड्याभराची स्पॅनिश पुरते. तुमच्या तक्त्यात 'नोंदलेले' आणि 'अंदाजित' असे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवा आणि अंदाजाच्या स्तंभात एकच संख्या न लिहिता दोन्ही टोके लिहा. लहान प्रदेशांत ती टोके इतकी दूर असतील की तुलना करता येणार नाही. ते प्रदेश वगळा आणि का वगळले ते तळटीपेत सांगा.