मदत हवी आहे: अकाउंट्सच्या कामात परतताना स्वतःची तयारी कशी तपासू?

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी आणि नंतरही नाशिकमध्ये एका वितरकाकडे अकाउंट्स सांभाळत होते. मुलं लहान होती म्हणून नोकरी सोडली, आता परत सुरू करायची आहे. माझं सगळं काम व्हॅटच्या काळातलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा मी घरी होते.

व्हाउचर एन्ट्री, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं), उधारीसाठी पार्टीला न दुखावता फोन करणं, हे आजही नक्की जमेल. (शेवटचं कौशल्य बायोडेटात कुणी लिहीत नाही, पण ते फार मोलाचं आहे असं मला वाटतं.) मात्र जीएसटीआर-१, ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं कधी भरलेली नाहीत, २बीशी (पोर्टलवर आपोआप तयार होणारा खरेदीवरच्या कराचा तक्ता) खरेदी जुळवलेली नाही. हात टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीवर बसलेला, आता सगळीकडे नवं टॅली प्राइम.

जाहिरातींतल्या अपेक्षा वहीत उतरवून प्रत्येकीपुढे ‘एकटीने करते’, ‘विचारून करते’, ‘येत नाही’ असं लिहितेय. पण स्वतःच स्वतःला दिलेल्या शेऱ्यावर किती विसंबायचं?

सीए ऑफिसात किंवा अकाउंट्स विभागात असलेल्यांनी कृपया सांगा: नव्या माणसाला तुम्ही पहिल्यांदा काय करायला देऊन पारखता? तेच घरी करून पाहीन, मग कुठला कोर्स लावायचा ते ठरवेन.