पाण्याचा आठवडा, आणि त्यात वाहून गेलेलं गणित

तिरकस_कोन

'फळ्यापलीकडे' यांचं कालचं मनोगत वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक पाठ मुलांच्या जगण्याशी जोडावा, विषयांमधल्या भिंती पाडाव्यात, तासाची पहिली दहा मिनिटं 'हे तुम्हाला रोज कुठे दिसतं?' या प्रश्नाला द्यावीत. नमुना म्हणून सातवीचा 'पाण्याचा आठवडा' दिलाय. भाषेत पावसाची कविता, भूगोलात जलचक्र, विज्ञानात गाळण, गणितात गळक्या नळाचा हिशेब. खाली 'अप्रतिम', 'डोळे उघडले' वगैरेंची रांग लागलीय, म्हणून हे एवढं लांबवतोय.

फक्त गणिताचं बघू. मिनिटाला ३० थेंब, २० थेंबांचा १ मिलि, तर दिवसाला किती वाया? १.५ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे २१६० मिलि. सातवीच्या मुलाने यात नवीन काय केलं? चौथीतले गुणाकार. सातवीत जे शिकायचं ते समप्रमाण, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, ते या हिशेबात फिरकलंच नाही. तरी पाणी आलं म्हणून पाठ 'जोडलेला' ठरला! याला विषय जोडणं म्हणत नाहीत. एका खुंटीला चार सदरे टांगले, इतकंच.

माझी कसोटी सोपी आहे. संदर्भ काढून घ्या आणि बघा प्रश्न उभा राहतो का. नळाऐवजी यंत्र आणि थेंबांऐवजी खिळे घातले तर तुमचं उदाहरण जसंच्या तसं सुटतं. मग नळ तिथे कशाला होता?

फळ्यापलीकडे

कसोटी आवडली. फक्त ती लावलीत भलत्याच गोष्टीला. 'मिनिटाला ३० थेंब' हे मुलांना दिलेलं नव्हतं, मोजायचं होतं. १०० मिलिचं मोजपात्र, दर २ मिनिटांनी नोंद, एकूण १० मिनिटं, मग आलेख. तो मूळबिंदूतून सरळ जातो आणि त्याचा चढ म्हणजेच गळतीचा दर. समप्रमाण तिथे आहे.

आणि '२० थेंबांचा १ मिलि' हा आकडा तुम्ही कुठून आणलात? तो ड्रॉपरचा. नळाचं तोंड रुंद असतं, थेंब मोठा होऊन पडतो. २० थेंबांत २-३ मिलिसुद्धा भरतात. मोजल्याशिवाय कळत नाही, हाच मुद्दा होता.

मागचा_बाक

३५ मिनिटांचा तास. ६० मुलं. पहिली दहा मिनिटं 'रोज कुठे दिसतं' मध्ये गेली, दहा मोजण्यात गेली, पाच गट पाडण्यात. आलेख काढायला दहा मिनिटं, तीही पट्टी सापडली तर. दहा-दहाचे गट केले की दोघं मोजतात, एक लिहितो, सात जण पाणी उडवतात. आणि उरलेलं 'प्रकल्प' म्हणून घरी गेलं की मग थर्माकोल, चकचकीत कागद आणि पालकांचं सुवाच्य अक्षर. जोडलेलं शिक्षण! पालक जोडले गेले खरे.

शब्दवेल्हाळ

गणितवाल्यांनो, तुमचे निदान गुणाकार तरी झाले. पाण्याच्या आठवड्यात पावसाची कविता आली की खालचा पहिला प्रश्न ठरलेला: 'या कवितेतून पाणीबचतीचा कोणता संदेश मिळतो?' कोणताच मिळत नाही हो! कवीला पाऊस दिसला, मीटर नाही. जोडायचीच असेल तर तीच कविता आणि त्याच पावसाची चार ओळींची बातमी शेजारी ठेवा आणि दोन्हींतली क्रियापदं अधोरेखित करायला सांगा. बातमीत पाऊस 'पडतो', 'नोंदवला जातो'. कवितेत काय काय करतो ते मुलं आपणहून शोधतात. हा भाषेला भाषेशी जोडणारा धागा झाला. त्याला भूगोल लागत नाही.

पाढे_पाठ

सगळ्यांचं वाचून हसू येतंय. आधी समप्रमाणाची तीस उदाहरणं वहीत होऊ द्या, नळ-बिळ नंतर. हे जुनाट वाटत असेल तर 'सायन्स' नियतकालिकातला २००८ चा कामिन्स्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. ओळखीच्या वस्तूंतून शिकलेल्यांपेक्षा कोरड्या चिन्हांतून शिकलेल्यांना तोच नियम नव्या ठिकाणी जास्त चांगला लावता आला. रंगीबेरंगी संदर्भ मुलांच्या लक्षात राहतो, नियम राहत नाही. पाणी लक्षात राहतं, प्रमाण विसरतं.

भागाकार_बाकी

अर्धं सांगितलंत. २०११ मध्ये डी बॉक आणि मंडळींनी तोच प्रयोग वाढवून केला. 'नवं ठिकाण' म्हणून ओळखीच्याच वस्तू दिल्या तेव्हा ओळखीच्या वस्तूंतून शिकलेले पुढे गेले. कोरडं शिकून कोरडं जमतं, ठोस शिकून ठोस जमतं. हे तुम्हालाही चिकटतं आणि 'फळ्यापलीकडे' यांनाही.

तीस उदाहरणांनी काय होतं त्याचा दाखलाही घ्या. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? १९८३ मध्ये छापून आलेल्या निकालात सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. ३२ हे उत्तर देणारी फक्त २३ टक्के. २९ टक्क्यांनी लिहिलं, '३१ बस, बाकी १२'. बाकी १२ म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले बारा सैनिक, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पाढे_पाठ

म्हणजे ७० टक्क्यांना भागाकार आला, हे तुम्हीच कबूल केलंत. धन्यवाद.

भागाकार_बाकी

वाचन हाही एक विषय असतो. त्याचीही तीस उदाहरणं करा.

मागचा_बाक

गांधीजींच्या नई तालीमवाल्यांचा 'समवाय' आठवला, म्हणजे सगळे विषय एका हस्तोद्योगाला जोडून शिकवणं. १९३७ ची वर्धा परिषद, शिकण्याच्या मध्यभागी हस्तोद्योग. तिथे तिरकस_कोन यांची कसोटी पास होते: सुताचा नंबर काढायचा तर लांबी आणि वजनाचं गुणोत्तर घ्यावंच लागतं, नाही तर सूत कोणत्या जाडीचं ते कळत नाही. पण तिथेही इतिहास-भूगोल ओढूनताणून टकळीला गुंडाळले की तेच ठिगळ.

उकळता_बिंदू

नळावर भांडत बसण्यापेक्षा बाटली घ्या. १ लिटरहून मोठी, सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली. तळाच्या जरा वर ३ मिमीचं भोक, त्यावर चिकटपट्टी, बाहेरून कागदी पट्टी चिकटवून सेंटिमीटरच्या खुणा. शून्य भोकाच्या मध्यावर, तळावर नाही. तिथे चुकलं की सगळा आलेख सरकतो. २० सेमीपर्यंत पाणी भरा, चिकटपट्टी काढा, दर २० सेकंदांनी उंची लिहा. ८ सेमी व्यासाची बाटली साधारण ४ मिनिटांत रिकामी होते.

सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: पूर्ण रिकामी व्हायला ४ मिनिटं, तर पाणी निम्म्यावर यायला किती? वर्ग एका सुरात 'दोन' म्हणतो. प्रत्यक्षात ७० सेकंदांच्या आसपास. वरची निम्मी बाटली एकूण वेळेच्या २९ टक्क्यांत जाते, खालची निम्मी ७१ टक्के वेळ खाते, कारण उंची घटली की दाब घटतो आणि धार मंदावते. धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सातवीला वर्गमूळ सांगू नका, वक्र दाखवा.

तिरकस_कोन यांच्या कसोटीवर: इथे पाणी काढून घेतलं तर प्रश्नच उरत नाही.

तिरकस_कोन

हे मान्य. समप्रमाण कुठे चालत नाही हे दाखवल्याशिवाय ते शिकवून झालं असं मी धरत नाही. तीस उदाहरणांत एकही असं नसतं जिथे त्रैराशिक लावायचंच नाही. मुलं मग दोन आकडे दिसले की लावतातच.

मागचा_बाक

भोक पाडणार कोण? तापवलेला खिळा खुपसला की प्लास्टिक वितळून बाहेर कडा उभी राहते. पाणी कमी झालं की धार त्या कडेला चिकटून भिंतीवरून ओघळते. नोंदी गेल्या.

उकळता_बिंदू

शिक्षकाने आदल्या दिवशी पाडायचं, हातड्रिलने. खिळाच असेल तर कड ब्लेडने सपाट करा. आणि झाकण काढा! झाकण लावून करणारे आहेत. हवा भोकातूनच आत घुसते, धार गचके खात येते, आणि मग 'प्रयोग चालत नाही'.

पाढे_पाठ

सिद्धांताप्रमाणे शेवटपर्यंत वक्र यायला हवा. प्रत्यक्षात शेवटी धार तुटते, आकडे भरकटतात. मुलं काय शिकणार? की विज्ञान थापा मारतं?

उकळता_बिंदू

३ मिमीच्या भोकाला पाणी साधारण १ सेमीवर आलं की पृष्ठताण पाण्याच्या दाबाच्या तोडीस तोड होतो. म्हणून शेवटचा दीड सेमी सोडायचा. आणि का सोडला ते वहीत लिहायचं.

फळ्यापलीकडे

माझा धागा होता मुलांच्या जगण्याबद्दल. आता भोकाच्या कडेबद्दल आहे.

तिरकस_कोन

तुमच्या मूळ लेखात एकही कड नव्हती, तक्रार तीच होती. पण मोजपात्रावर तुमचं बरोबर, २० थेंबांचा आकडा मी न मोजता घेतला. मिनिटाला ३ मिलि गळती धरली तर २ मिनिटांच्या नोंदीत १ मिलिची चूक सहावा हिस्सा होते, १० मिनिटांच्या नोंदीत तिसावा. हे मुलांना दाखवलंत तर नळही ठेवा. आधी नळ, मग बाटली: पहिल्यात सरळ रेष, दुसऱ्यात वक्र. कविता मात्र शब्दवेल्हाळांना परत करा.

शब्दवेल्हाळ

उपकार झाले.

मागचा_बाक

सहा गटांना सहा बाटल्या म्हणजे सहा भोकं. ३५ मिनिटांत दोन फेऱ्या बसवायच्या तर ४ मिमीचं पाडू का?

पाढे_पाठ

पाडा. ३ ला ४ मिनिटं, तर ४ ला ३ मिनिटं. साधं व्यस्त प्रमाण. यासाठीसुद्धा बाटली लागते का तुम्हाला?

भागाकार_बाकी

सव्वादोन.

पाढे_पाठ

काय सव्वादोन?

भागाकार_बाकी

मिनिटं. पाणी भोकाच्या व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जातं. क्षेत्रफळ १६/९ पट झालं, वेळ ९/१६ वर आला. २४० सेकंदांचे १३५. तीस उदाहरणांत हे नव्हतं वाटतं.

पाढे_पाठ

ठीक आहे. सव्वादोन. शेवटच्या दीड सेमीबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

उकळता_बिंदू

मागचा_बाक, ३ चंच पाडा. सव्वादोन मिनिटांत २० सेकंदांनी जेमतेम सहा नोंदी होतात, वक्र नीट उमटत नाही. दोन फेऱ्या हव्याच असतील तर पाणी भरलेल्या बाटल्या तासाआधी बाकावर ठेवा, भोकावर चिकटपट्टी दुहेरी.