मदत हवी आहे: वाड्याच्या भिंतीला पोट आलंय, पावसाआधी काय करता येईल?

वाड्यातला:
गावी आमचा जुना वाडा आहे, पणजोबांच्याही आधीचा. मागच्या भिंतीला पोट आलंय, दिवाळीला चार बोटं होतं ते आता वीतभर झालंय. बळदाची, म्हणजे धान्य साठवायची खोली गेल्या पावसात खालीच बसली. ग्रामपंचायतीची नोटीस आलीय, धोकादायक आहे उतरवून घ्या म्हणून. मी पुण्यात, रजा दोनच दिवस, गवंडी येतो आणि सगळं पाडून आरसीसी करा एवढंच सांगतो. मला पाडायचं नाहीये, फक्त हा पावसाळा काढायचाय. लवकर सांगा, मृग आठ दिवसांवर आलाय.

सोलापूरकर७:
गाव कुठलं? भिंत कशाची? वर पत्रा का माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर?

वाड्यातला:
उमरग्याकडे. दगड-मातीची भिंत. माळवदच, आमच्याकडे दुसरं काय असणार.

निवांत_काका:
खांब सागवानी आहेत का? आमच्या सासुरवाडीचे कोरीव खांब आणि दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेला, पैसे बरे आले. नाहीतरी वाळवीच खाणार.

वाड्यातला:
विकायचे नाहीत हो काका. भिंतीचं विचारलंय.

रोखठोक:
सिमेंटचं प्लास्टर मारा, माळवदावर सिमेंटचा कोबा टाका, विषय संपला.

चुनेवाला:
विषय नाही, भिंत संपेल. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. कोब्याचं वजन वर आणखी. माळवदाला दरवर्षी पावसाआधी पांढरी माती टाकून चोपावं लागतं, रिकाम्या घरात ते कोण करणार, म्हणून ही घरं वरून मरतात.

रोखठोक:
दरवर्षी गाढवावरून माती आणायची? कोणत्या काळात राहता?

सोलापूरकर७:
भांडा नंतर. उमरगा म्हणजे किल्लारीचाच पट्टा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात अशाच जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. भिंत आतून-बाहेरून दोन थरांची, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थर बांधणारा आरपार दगड नसतो. भरीत पाणी शिरलं की बाहेरचा थर सुटतो, तेच तुमचं पोट. वाडा वाचवा पण आधी त्या बाजूला कोणी झोपत असेल तर हलवा. आणि सांगा, तुळया भिंतीत घुसल्यात का खांबांवर आहेत?

वाड्यातला:
खांबांवर. भिंतीला लागूनच खांब आहेत.

सोलापूरकर७:
मग बरंय. माळवदाचं ओझं खांबांवर आहे, फुगलेला भाग दगड दगड उतरवून परत रचता येतो, छपराला हात न लावता. पण खांबांचे बुंधे कुजले नाहीत ना ते आधी ठोकून बघा. तोवर बाहेरून तिरके टेकू, भिंतीशी आडवी फळी. रचताना हात-दोन हातांवर आरपार दगड घाला. पण पाणी येतंय कुठून? माळवदाचं पाणी काढणारं पन्हाळ बुजलंय का?

वाड्यातला:
पन्हाळ ठीक आहे. चुलत्यांनी पुढच्या चौकात स्लॅबचं घर बांधलंय, त्यांच्या गच्चीचा पाइप आमच्या भिंतीपाशी सुटतो. पण तो २०१५ पासूनच आहे.

चुनेवाला:
अहो हे आधी सांगायचं ना! सगळी गच्ची त्या भिंतीच्या पायात ओतताय. टेकू नंतर, आधी पाइप फिरवा.

हिंगोलीची_लेक:
भिंतीत पिंपळ आहे का? तोडून बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, आमच्याकडे असंच करतात.

निवांत_काका:
मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघितलाय का कोणी? घाटावरची घंटा वसईची आहे.

रोखठोक:
इथे घंटेचा काय संबंध?

सोलापूरकर७:
@वाड्यातला, नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, कोणाकोणाची नावं आहेत? नोटिशीला लेखी उत्तर द्या की टेकू लावतोय, दुरुस्ती करतोय. हिस्सेदारांची सही लागेल.

वाड्यातला:
चौघांची. पाइपवाले काकाही त्यात. त्यांच्याशी आमचं बोलणं नाही, बाबा गेल्यापासून.

हिंगोलीची_लेक:
काकू आहेत ना? त्यांना फोन करा.

वाड्यातला:
शनिवारी जातोय. काकूंना सांगतो आधी. टेकूसाठी वासे भाड्यानं मिळतात का उमरग्यात?