व्हर्च्युअल मशीनमध्ये एव्हीएक्स-२ का दिसत नाही?

प्रश्न: माझा प्रोसेसर एव्हीएक्स-२ सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या) चालवू शकतो, असे विंडोजवरील सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती देणारे साधन दाखवते, मात्र त्याच संगणकावरील व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकात) लिनक्सची एलएससीपीयू ही आज्ञा दिल्यास प्रोसेसरचे नाव तेच येते, पण वैशिष्ट्यांच्या यादीत एव्हीएक्स-२ नसते. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर १: दोघांवरही. अशी साधने मुख्यतः सीपीयूआयडी या, प्रोसेसरला त्याची माहिती विचारणाऱ्या, सूचनेवर अवलंबून असतात, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये ती सूचना प्रोसेसरपर्यंत थेट न पोहोचता हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) तिला स्वतः उत्तर देत असल्यामुळे, नाव मूळचे ठेवून वैशिष्ट्ये झाकणे त्याला सहज शक्य होते. मूळ प्रोसेसरची वैशिष्ट्ये जशीच्या तशी पुढे देण्याचा पर्याय मशीनच्या सेटिंगमध्ये असल्यास तो निवडावा.

उत्तर २: आपण स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल, तर नावावरून अनुमान करणे मुळीच योग्य नाही. सीपीयूआयडीच्या ७ क्रमांकाच्या पानावरील (लीफ, म्हणजे माहितीचा एक गट) ईबीएक्स रजिस्टरचा, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठ्याचा, ५ क्रमांकाचा बिट (मोजणी ० पासून) एव्हीएक्स-२ दर्शवतो. तथापि तेवढ्याने भागत नाही, कारण एव्हीएक्स-२ वापरते ती २५६ बिटांची रजिस्टरे ऑपरेटिंग सिस्टिम जतन करते की नाही, हे एक्सगेटबीव्ही या सूचनेने तपासावे लागते. ही दुसरी तपासणी बरेच जण गाळतात.

प्रश्नकर्ता: पर्याय बदलताच यादीत एव्हीएक्स-२ दिसू लागले. आभारी आहे.